चौपाटीची वाळू

बंगळूरला सारे काही आहे. समुद्र मात्र नाही. म्हणून रजेत मुंबईस गेले की मुलांना गिरगावच्या चौपाटीवर नेणे, हा आम्हां परप्रांतस्थ नोकरदारांचा कुळाचारच होऊन बसला आहे. मुले वाळूचे किल्ले रचतात, वडीलधारी मंडळी भेळ खातात.

परंतु ही वाळू केवळ विहाराची नव्हे. १ ऑगस्ट १९२० रोजी सरदारगृहात लोकमान्यांनी देह ठेवला. नित्याचे स्मशान सोडून त्यांच्या दहनासाठी चौपाटीची खास परवानगी मिळाली आणि भर पावसात अफाट जनसमुदायाने त्यांना येथेच निरोप दिला. १८९३ नंतर ज्यांनी घरच्या गणेशोत्सवाला सार्वजनिक चळवळीचे रूप दिले, त्यांच्याच पुतळ्याच्या साक्षीने आज अनंत चतुर्दशीला गणराय समुद्रात जातात.

गतवर्षी मुलगी पुतळ्याजवळ खेळू लागली, तेव्हा ‘येथे खेळू नये’ हे शब्द माझ्या ओठांवर आले. पण मी ते गिळले. ज्यांनी उत्सव लोकांत नेला, त्यांच्या चितेच्या जागी लोकांची मुले खेळावीत, याहून उचित स्मारक कोणते? परतीच्या गाडीत मात्र तिला सारी हकीकत सांगितली. परमुलखात वाढणाऱ्या मुलांना ती आपल्यावाचून दुसरे कोण सांगणार?