स्विचमध्ये शिरायची दारं आणि त्यांचं वय

1 मे 1983 ला अमरावती विद्यापीठ नागपूरपासून वेगळं झालं. त्याच महिन्यात टेलनेटचे नियम पक्के करणारा आरएफसी 854 हा दस्तऐवज निघाला. दोघांचा संबंध काही नाही, पण टेलनेटचं वय लक्षात ठेवायला बरं पडतं.

तुमच्या कॉलेजच्या लॅबमध्ये रॅकवर जो स्विच लुकलुकतो, त्याची जात 1990 ची. कॅलिफोर्नियातल्या ज्या कंपनीने तो आणला तिचं नाव चक्क 'कल्पना'. विनोद भारद्वाज तिच्या संस्थापकांपैकी. 1994 मध्ये सिस्कोने ती विकत घेतली.

या स्विचचं सगळ्यात जुनं दार म्हणजे कन्सोल पोर्ट. त्यामागचं आरएस-232 हे मानक 1960 चं. सिस्कोच्या स्विचला निळी चपटी केबल, वेग बहुधा 9600, आणि आयपी पत्त्याची गरजच नाही. अकोल्यातल्या स्विचचा पत्ता चुकीचा टाकला गेला, तर अमरावतीत बसून तुम्ही काही करू शकत नाही. कोणीतरी तिथं जाऊन केबल लावायची. मे महिन्यात अकोल्याच्या उन्हात जायले कोण तयार होते, सांगा बरं!

म्हणून लोकांना टेलनेट आवडलं. पण त्यात पासवर्ड उघडाच जातो. हबच्या काळात तर एकाच हबवरचा कोणताही पीसी तो वाचू शकायचा. हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठात अशीच पासवर्डचोरी झाली, आणि तिथल्या तातू इलोनेन यांनी 1995 मध्ये एसएसएच लिहिलं. एफटीपीचा पोर्ट 21, टेलनेटचा 23. मधला 22 मोकळा होता, तो त्यांनी मागितला आणि मिळाला.

मग टेलनेट संपलं का नाही? आळस आहेच, पण मला मोठं कारण कायद्याचं वाटतं. अमेरिकेत मजबूत कूटलेखन बाहेर पाठवण्यावर निर्बंध होते. ते 2000 मध्ये बरेच सैल झाले. तरी सिस्को कूटलेखनाची आणि बिनकूटलेखनाची अशी दोन सॉफ्टवेअरं बराच काळ देत राहिली. दुसरं असलं की एसएसएच नाहीच!

तुमच्याकडे जुना सिस्को स्विच असेल तर 'शो व्हर्जन' द्या आणि फाइलच्या नावात 'के9' शोधा. सापडलं तर होस्टनेम आणि डोमेननेम ठरवा, आरएसए किल्ली बनवा, मग व्हीटीवाय लाइनवर 'ट्रान्सपोर्ट इनपुट एसएसएच' टाका. नाही सापडलं, तर टेलनेट बंद करा आणि निळी केबल रॅकजवळच लटकवून ठेवा.