बारा वर्षांची मोकळी सीमा

गोवा आणि ब्रिटिश हिंदुस्थान यांच्यातील सीमा 15 जानेवारी 1880 ते 14 जानेवारी 1892 या काळात जकातीपुरती पुसली गेली होती. लिस्बनमध्ये 26 डिसेंबर 1878 रोजी झालेल्या व्यापारी कराराने हे घडले. दोन सत्तांच्या हद्दी तशाच राहिल्या, पण मधले नाके उठले आणि बाहेरून येणाऱ्या मालावर दोन्हीकडे एकच दर लागू झाला. जर्मन संस्थानांनी 1834 साली असाच जकातसंघ उभारला होता. त्या संघातही प्रशिया इतरांहून बरीच मोठी होती. इथली तफावत मात्र त्याहून कितीतरी जास्त होती. एका बाजूला जवळजवळ अख्खा उपखंड होता आणि दुसऱ्या बाजूला गोव्याचे तालुके व दमणसारखी छोटी ठाणी.

कराराच्या मुळाशी मीठ होते. मिठावरचा कर हे इंग्रज सरकारचे हुकमी उत्पन्न होते. मुंबई इलाख्यात तो 1878 पासून मणामागे अडीच रुपये झाला होता, म्हणजे मीठ पिकवायला येणाऱ्या खर्चाच्या कित्येक पट. गोव्यात मात्र बार्देश, तिसवाडी आणि साष्टीच्या खाड्यांलगतच्या आगरांत स्वस्त मीठ मुबलक तयार होई. लमाणांचे तांडे बैलांच्या पाठीवर ते लादून घाट चढत आणि परत येताना धान्य आणत. वाट सरकारी नाक्यावरून गेली तर कर द्यावा लागे, रानातून गेली तर लागत नसे. सह्याद्रीत रानवाटांना तोटा नव्हता. त्यामुळे गोव्याची हद्द हे मुंबईच्या मीठखात्याचे कायमचे दुखणे होऊन बसले.

उत्तरेत याच कारणासाठी इंग्रजांनी सिंधूपासून महानदीच्या बाजूपर्यंत सुमारे 2,300 मैलांची जकातरेषा आखली होती. काही भागांत काटेरी झुडपांचे जिवंत कुंपण होते आणि पहाऱ्यावर 12,000 च्या आसपास माणसे. हा खटाटोप परवडेनासा झाला. प्रांताप्रांतांतले कर एकमेकांच्या जवळ आणले आणि मिठाचा उगमच ताब्यात घेतला, तर कुंपणाची गरज उरत नाही, असे धोरण ठरले आणि 1879 साली ती रेषा मोडली. त्यासाठी राजपुतान्यातले सांभर सरोवर तिथल्या संस्थानिकांकडून भाडेपट्ट्याने घेतले होते. गोव्यालाही तोच उपाय लावायचा होता. फरक एवढाच की गोव्याची मालकी युरोपातल्या एका राजाकडे होती. त्यामुळे बोलणी लिस्बनमध्ये करावी लागली.

पोर्तुगालच्या बाजूने परराष्ट्रमंत्री आंद्रादे कोर्वू आणि इंग्लंडकडून लिस्बनमधला वकील रॉबर्ट मोरियर यांनी हा व्यवहार जुळवला. कोर्वूंचा हिशेब सरळ होता. गोव्याची तिजोरी रिकामी होती, मुरगावचे खोल नैसर्गिक बंदर वापराविना पडून होते आणि घाटमाथ्यावरच्या कापसाला समुद्राची जवळची वाट हवी होती. रेल्वे झाली तर मुरगाव मुंबईशी स्पर्धा करील, अशी आशा त्यामागे होती. करारानुसार गोव्यातल्या मीठ उत्पादनावर इंग्रजांचा ताबा आला, अबकारी व्यवस्था मुंबई इलाख्याच्या धर्तीवर बसवायची ठरली आणि बदल्यात पोर्तुगीज सरकारला दरसाल 4 लाख रुपये मिळणार होते. ही रक्कम रेल्वेच्या भांडवलावरील व्याजाच्या हमीकडे वळवण्यात आली.

सीमा मोकळी झाली आणि तिच्यावाटे मुंबईचे करही गोव्यात आले. मुक्त व्यापाराचा हा अर्थ गोव्याच्या गावकऱ्यांना आधी कुणी सांगितला नव्हता. ज्यांच्या दारात मीठ पिकत होते, त्यांनाच ते आता महाग पडू लागले. देखरेखीला अवघड अशी लहान, विखुरलेली आगरे बंद करण्यात आली. मिठावर पोट असलेले मिठगावडे, होडीवाले आणि तांडेवाले यांचा धंदा बसला. माडाच्या सुरेचेही तेच झाले. सूर काढायच्या माडावर कर आणि परवाना आल्याने रेंदेराच्या धंद्यात राम उरला नाही. गोव्यातून मुंबईला जाणाऱ्यांची रीघ आधीपासून होती. या वर्षांत ती वाढली. नारळ, सुपारी आणि आंबा यांना मात्र वरची बाजारपेठ विनाजकात मिळाली, हेही खरे. बागाईतदाराला आणि आगराला हा करार सारखा लागला नाही.

त्यातच 1882 साली हिंदुस्थान सरकारने मीठ, दारू अशा मोजक्या वस्तू सोडून जवळजवळ सगळी आयात जकात रद्द केली. लँकेशायरच्या गिरणीवाल्यांचा रेटा आणि लंडनमधला मुक्त व्यापाराचा आग्रह यांतून तो निर्णय झाला होता. समान दराच्या अटीमुळे गोव्याच्या बंदरांतलेही आयातीचे उत्पन्न आटले. निर्णय घेताना पणजीचे मत विचारण्याचे कारण कुणाला वाटले नाही. जकातसंघातला धाकटा भागीदार दर ठरवत नसतो, फक्त पाळत असतो. गोव्याला ते दोन वर्षांत कळले.

रेल्वे झाली. वेस्ट ऑफ इंडिया पोर्तुगीज रेल्वे कंपनी 1881 साली लंडनच्या भांडवलावर उभी राहिली. मुरगाव ते सावर्डे हा टप्पा 1887 च्या जानेवारीत खुला झाला आणि 1888 साली गाडी दूधसागरावरून घाट चढून कॅसलरॉकला पोहोचली. तिथे सदर्न मराठा रेल्वेने तिला लोंढा, हुबळी आणि धारवाडच्या कापूसपट्ट्याशी जोडले. पण अपेक्षेइतका माल आला नाही. मुंबईच्या पेढ्या, विमा, बोटींच्या नियमित फेऱ्या आणि स्पर्धक रेल्वेचे मालभाड्याचे दर यांच्यापुढे घाटातून खाली उतरणारी जवळची वाट कमी पडली. हमीच्या व्याजाचा बोजा पोर्तुगीज खजिन्यावर राहिला.

कराराची मुदत बारा वर्षांची होती. ती संपत आली तेव्हा दोन्ही देशांचे संबंधही बिघडलेले होते. आफ्रिकेतल्या दाव्यांवरून इंग्लंडने 11 जानेवारी 1890 रोजी पोर्तुगालला निर्वाणीचा खलिता दिला होता आणि लिस्बनमध्ये इंग्रजांविरुद्ध संतापाची लाट होती. नूतनीकरण झाले नाही. जानेवारी 1892 मध्ये नाके परत बसले आणि मिठाची आगरे पोर्तुगीजांकडे आली. दोनच वर्षांनी, 1894 साली, हिंदुस्थान सरकारने तिजोरीच्या तंगीमुळे पाच टक्के आयात जकात पुन्हा बसवली.

रूळ मात्र उखडले गेले नाहीत. कुळें आणि कॅसलरॉकच्या फलाटांवर प्रवाशांची पेट्या-बोचकी उघडून तपासणी हा पुढच्या साठेक वर्षांचा नेम झाला. गोवामुक्तीच्या सत्याग्रहानंतर 1955 साली भारताने ही गाडीही थांबवली. गोव्याभोवतीची जकातसीमा संपली ती 19 डिसेंबर 1961 रोजी पोर्तुगीज राजवट गेल्यावर.