खिळ्यापासून खिळ्यापर्यंत

कमाटीबागेतली आपली चित्रशाळा १९१४ मध्ये बांधून तयार झाली, पण तिची दारे उघडली ती १९२१ मध्ये. श्रीमंत सयाजीराव महाराजांसाठी स्पीलमन या इंग्रज कलासमीक्षकाने युरोपात जमवलेली चित्रे महायुद्धामुळे तिकडेच अडकली होती. समुद्रात पाणबुड्या फिरत असताना असा ठेवा जहाजावर चढवण्याची जोखीम घ्यायची कोणी? लहानपणी आम्ही त्या दालनांतून हुंदडलो, तेव्हा हा प्रश्न कधी मनात आला नाही.

विमा उतरवावा, हे उत्तर सोपे वाटते. पण वस्तू जितकी मोलाची तितका हप्ता भारी, आणि संग्रहालयांचे खिसे आपल्या मंडळांसारखेच! यावर अमेरिकेने तोडगा काढला. चीनमध्ये उत्खननात सापडलेल्या वस्तूंचे प्रदर्शन यायचे होते, तेव्हा १९७४ साली केवळ त्यासाठी सरकारी हमीचा कायदा झाला. डिसेंबर १९७५ मध्ये कायमचाच कायदा आला. पुढच्या वर्षी तुतनखामेनच्या थडग्यातल्या ५५ वस्तू इजिप्तहून वॉशिंग्टनला पोचल्या त्या या हमीच्या आधारावर. ब्रिटनने १९८० मध्ये हीच वाट धरली.

यातली गंमत अशी, की तिजोरीतून आधी काहीच काढावे लागत नाही. वस्तू मालकाच्या भिंतीवरच्या खिळ्यावरून निघाल्यापासून परत त्याच खिळ्यावर लागेपर्यंत सरकार जामीन राहते. काही बिघडले तरच पैसे मोजायचे. अमेरिकेत तर नुकसानीचा पहिला वाटा संग्रहालयालाच सोसावा लागतो. जामीनदार म्हटला की तो अटी घालणारच. पेट्या कशा बांधायच्या, दालनात दमटपणा किती चालेल, पहारा कसा हवा, हे सारे आधी तपासले जाते. आमच्या मते योजनेचा खरा उपयोग या तपासणीतच आहे.

कारण भरपाईलाही मर्यादा आहेच. १९१७ साली गंगेकाठी सापडलेली दीदारगंजची यक्षी भारत महोत्सवासाठी परदेशी गेली आणि गालाचा टवका उडवून घेऊन परतली. दोन हजार वर्षे टिकलेली तिच्या दगडाची ती झिलई कोणत्या रकमेने भरून येणार? तेव्हापासून तिला देशाबाहेर पाठवत नाहीत. आता तिचे दर्शन घ्यायचे तर आपणच पाटण्याला जायचे.