बंदुकीच्या नळीतील पीळ

सुंभ जळला तरी पीळ जळत नाही, ही म्हण आपण हट्टी मनुष्यास लावतो. परंतु रायफलच्या गोळीस ती अक्षरशः लागू पडते. दारू जळून जाते, नळी मागे राहते, आणि नळीने दिलेला पीळ मात्र गोळी लक्ष्यापर्यंत घेऊन जाते. हा पीळ किती असावा, या एका प्रश्नाचा उलगडा होण्यास शतकाहून अधिक काळ लागला. तो इतिहास आम्ही येथे थोडक्यात सांगणार आहो.

नळीच्या आतून नागमोडी चर पाडले म्हणजे नेम सुधारतो, हे युरोपातील कारागिरांस पुष्कळ आधीपासून ठाऊक होते. का सुधारतो, हे मात्र बेंजामिन रॉबिन्स या इंग्रज गणितज्ञाने दाखविले. गुळगुळीत नळीतून सुटणारी गोळी नळीच्या कडेस घासते, वाटेल त्या दिशेस गिरकी घेते आणि त्यामुळे वाट सोडते. चरांमुळे तिची गिरकी प्रवासाच्या रेषेभोवतीच होते, असे त्याचे प्रतिपादन होते. इ. स. १७४७ मध्ये त्याने रॉयल सोसायटीपुढे हा विषय मांडला, आणि जे राष्ट्र या नळीचे मर्म प्रथम पुरते जाणील त्याचे सैन्य वरचढ होईल, असे भाकीतही केले. पुढे कंपनीच्या चाकरीत तो हिंदुस्थानात आला आणि १७५१ मध्ये कडलूरजवळच्या सेंट डेव्हिड किल्ल्यात मरण पावला.

गोळी वाटोळी होती तोवर काम सोपे होते. लांबट गोळी आली आणि अडचण वाढली. लांबट गोळीवर वाऱ्याचा दाब तिच्या गुरुत्वमध्याच्या पुढे पडतो, म्हणून वारा तिला उलथवू पाहतो. भोवरा जसा फिरण्याच्या वेगानेच उभा राहतो, तशी ही गोळीही गिरकीच्या बळावरच सरळ राहते. १८५३ च्या एन्फील्ड रायफलीत ७८ इंचांत एक फेरा होता. जोसेफ व्हिटवर्थने ५३० ग्रेन वजनाचीच गोळी अधिक बारीक, अर्थात अधिक लांब केली आणि पीळ २० इंचांवर आणला. १८५७ च्या परीक्षेत तिने एन्फील्डला सहज मागे टाकले.

मग घट्ट पीळच सर्वत्र श्रेष्ठ काय? नाही, असे एका शिकाऱ्याने सांगितले. सातपुड्याच्या अरण्यांत हिंडलेला जेम्स फोर्सिथ याने १८६३ च्या आपल्या पुस्तकात वाटोळ्या गोळीसाठी सुमारे १०४ इंचांत एक फेरा, इतका सैल पीळ सुचविला. घट्ट पिळाच्या नळीत दारू जास्त भरली तर मऊ शिशाची वाटोळी गोळी चर सोडून निसटते. पीळ सैल असला म्हणजे भरपूर दारू घालता येते, गोळीची वाट सपाट होते, आणि झाडीत अंतराचा अंदाज थोडा चुकला तरी नेम चुकत नाही. येथे प्रश्न केवळ कौशल्याचा नव्हता. नेम हुकला तर घायाळ जनावर झाडीत तडफडत राहते, आणि त्याच्या मागावर जाणाऱ्या माणसाच्या जिवावर बेतते.

व्हिटवर्थ आणि फोर्सिथ दोघेही खरे होते, हे कळण्यास गणित लागले. वुलिच येथील अध्यापक ग्रीनहिल याने १८७९ मध्ये सोपा हिशेब दिला: गोळीच्या व्यासाचा वर्ग करून त्यास १५० ने गुणावे आणि लांबीने भागावे. व्यास ०.३ इंच व लांबी १.२ इंच असल्यास सुमारे सव्वाअकरा इंचांत एक फेरा पुरतो. व्यास तोच ठेवून लांबी दुप्पट केली, तर हे अंतर निम्मे होते. हा हिशेब स्थूल असला तरी त्यातील तत्त्व पक्के आहे.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपल्या देशातील शिकारीचे ते दिवस संपविले, आणि ते योग्यच झाले. परंतु या वादातील बोध शिळा झालेला नाही. स्थैर्य केवळ जोराने येत नाही, केवळ पिळानेही येत नाही; ज्याची जशी घडण, तसा त्यास पीळ द्यावा लागतो.