न्हाणीमागचा घास

१९८४ साली धाकट्या बहिणीच्या हट्टापायी मी बाजारातून पांढऱ्या सशांची जोडी आणली. अण्णा म्हणाले, "ह्यो आपल्या रानातला ससा न्हवं." खरंच होतं. आपल्या रानसशाची पिल्लं अंगावर केस, डोळे उघडे अशी जन्मतात. ह्या मूळच्या युरोपातल्या जातीची उघडीनागडी, आंधळी.

आईनं न्हाणीच्या पाण्यावर लसूणघासाचा वाफा केला. कडेनं माठ, कोथिंबीर. घास महिन्याभरात पुन्हा कापणीला यायचा. पण नुसत्या ओल्या घासानं पोट फुगतं, म्हणून ती तो सुकवून वाळल्या गवतात मिसळायची.

त्या काळात सुबाभळीचं मोठं वारं होतं. मेक्सिकोकडचं हे झाड मीही बांधावर लावलं. शेळ्या आवडीनं खातात, मग सशांनाही पाला टाकला. थोड्याच दिवसांत त्यांचे केस गळायला लागले. पाल्यातलं मिमोसीन शेळीच्या पोटात बरंचसं जिरतं, सशाला बाधतं, हे नंतर कळलं. आईच्या शिव्या मात्र आधीच खाल्ल्या!

१९८६ च्या दुष्काळात विहीर आटली. वैरण संपली, अण्णांनी म्हैस विकली. हिरवा राहिला तो न्हाणीमागचा वाफा तेवढा. चार मुठी घासावर म्हैस जगली नसती, हे अण्णांनाही ठाऊक. तरी कितीतरी दिवस ते परसात फिरकले नाहीत. आई घास कापायची आणि पदराखाली झाकून पिंजऱ्याकडे न्यायची.