मूत्रपिंड प्रत्यारोपणाचे औषध आणि स्त्री-वैज्ञानिक : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना

मूत्रपिंड प्रत्यारोपणाचा इतिहास बहुधा शल्यविशारदांच्या नावांनी लिहिला जातो. वास्तविक शस्त्रक्रिया निर्दोष झाली तरी शरीर परके मूत्रपिंड नाकारते. हा नकार थोपविणारे औषध घडविणाऱ्या स्त्री-वैज्ञानिकेचा परामर्श प्रस्तुत लेखात घेतला असून, तिच्या समकालीन मराठी संशोधिकेच्या अनुभवाशी त्याची तुलना केली आहे.

गर्ट्रूड एलियन यांचे कार्य

न्यूयॉर्क येथे १९१८ साली जन्मलेल्या एलियन १९३७ मध्ये रसायनशास्त्राच्या पदवीधर झाल्या. तथापि उच्च शिक्षणासाठी त्यांना शिष्यवृत्ती मिळाली नाही. त्यांच्या उपस्थितीने प्रयोगशाळेतील पुरुषांचे चित्त विचलित होईल, असेही एका ठिकाणी सांगण्यात आले. महायुद्धामुळे पुरुष रसायनतज्ज्ञ दुर्मिळ झाले, तेव्हाच स्त्रियांना संधी लाभली. १९४४ मध्ये त्या बरोज वेलकम कंपनीत जॉर्ज हिचिंग्ज यांच्या सहकारी झाल्या. पेशींच्या विभाजनास आवश्यक घटकांशी साधर्म्य असलेली, परंतु ते विभाजन रोखणारी संयुगे त्यांनी सिद्ध केली. प्रथम रक्ताच्या कर्करोगावरील ६-मर्कॅप्टोप्युरीन आणि पुढे त्यापासून ॲझाथायोप्रीन निर्माण झाले. १९५४ चे पहिले यशस्वी प्रत्यारोपण एकरूप जुळ्या भावांतील होते. १९६२ मध्ये मात्र ॲझाथायोप्रीनच्या साहाय्याने मृत व नात्याबाहेरील दात्याचे मूत्रपिंड वर्षाहून अधिक काळ कार्यरत राहिले. एलियन यांना १९८८ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. रीतसर पीएच.डी. त्यांना कधीच पूर्ण करता आली नाही.

मराठी संदर्भ

दुर्गा भागवत यांच्या भगिनी कमला भागवत (सोहोनी) यांना १९३३ मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत सी. व्ही. रामन यांनी स्त्री म्हणून प्रवेश नाकारला. त्यांनी आग्रह धरल्यावर एक वर्षाच्या अटीवर तो मिळाला. १९३९ मध्ये त्यांनी केंब्रिजची पीएच.डी. संपादन केली आणि पुढे मुंबईच्या विज्ञान संस्थेत जीवरसायनशास्त्राचे अध्यापन व संशोधन केले. मुंबईच्याच केईएम रुग्णालयात १९६५ मध्ये भारतातील मूत्रपिंड प्रत्यारोपणाचा पहिला प्रयत्न झाला. त्याच रुग्णालयातील मूत्रपिंडविकार विभागाची धुरा पुढे डॉ. विद्या आचार्य या स्त्री-वैद्यकाने वाहिली.

निष्कर्ष

दोन भिन्न समाजांत नकाराचे कारण एकच होते. एकीला युद्धाने, तर दुसरीला स्वतःच्या आग्रहाने वाट मिळाली. संस्थांनी आपण होऊन ती दिली नाही. ज्यांना अशी वाट मिळालीच नाही, त्यांची नोंद इतिहासात नाही. म्हणूनच चिपळूणसारख्या ठिकाणी विज्ञान शिकणाऱ्या विद्यार्थिनींपुढे या यशकथांबरोबर त्या नकारांचा इतिहासही ठेवणे अध्यापकांचे कर्तव्य ठरते.