स्वस्त स्पॅमचाळणीचा पाया
नको असलेल्या ईमेलची, म्हणजेच स्पॅमची, चाळणी करणारे छोटे यंत्र जुन्या संगणकावर अल्प खर्चात उभे करता येऊ लागले, ते २००१ नंतरच्या मुक्त सॉफ्टवेअरमुळे. जस्टिन मेसन यांचे स्पॅमअसॅसिन मजकुरातील संशयास्पद खुणांना गुण देई आणि बेरीज ठरावीक मर्यादेला, मूळ मांडणीत ५ ला, पोहोचली की पत्र स्पॅम ठरवी. मात्र प्रत्येक पत्र तपासण्याचा भार दुबळ्या प्रोसेसरला पेलत नसे. हा भार खऱ्या अर्थाने हलका केला तो २००३ मध्ये इव्हान हॅरिस यांनी मांडलेल्या ग्रेलिस्टिंगने. या पद्धतीत अनोळखी सर्व्हरला ४५१ हा तात्पुरत्या नकाराचा संकेत दिला जातो. नियम पाळणारा सर्व्हर काही वेळाने पुन्हा प्रयत्न करतो, तर घाईने पत्रे फेकणारे स्पॅमचे प्रोग्रॅम त्या काळी बहुधा परतत नसत, त्यामुळे मजकूर न वाचताच निवड होई, आणि हीच या कल्पनेची थोरवी होय.